ॲरिझोनात कुत्र्यासोबत ओढ्याकाठची भटकंती: परतल्यावरचा खोकला अंगावर काढू नका

मुलगा किंवा मुलगी फीनिक्स, टेम्पी, चँडलर किंवा टूसॉनला स्थायिक आणि आई-वडील दिवाळीच्या सुमारास दोन-तीन महिन्यांसाठी तिकडे, हे चित्र आता अनेक मराठी घरांत दिसते. ऑक्टोबर-नोव्हेंबरात तिथला कडक उन्हाळा ओसरतो. मग एखाद्या रविवारी घरातला लॅब्रेडोर किंवा गोल्डन रिट्रीव्हर सोबत घेऊन सगळे जण वाळवंटातल्या ओढ्याकाठी दिवसभराच्या भटकंतीला निघतात.

हा दिवस प्रकृतीला चांगलाच आहे. चालणे होते, मोकळी हवा मिळते. मात्र त्या भूमीचे काही धोके आपल्याकडच्या डोंगर-नद्यांपेक्षा वेगळे आहेत. त्यातला एक त्या दिवशी कळतच नाही. तो एक ते तीन आठवड्यांनी, कधी भारतात परतल्यावर, खोकला आणि ताप होऊन समोर येतो. त्याचे नाव व्हॅली फीव्हर.

थोडक्यात

• वाळवंटात घाम लगेच वाळतो, त्यामुळे शरीरातले पाणी किती कमी झाले हे लक्षात येत नाही.
• कुत्र्याला माणसापेक्षा लवकर उष्माघात होतो. पाणी आणि सावली त्याच्या हिशेबाने ठरवा.
• ओढ्याचे पाणी माणसाने पिऊ नये, कुत्र्यालाही शक्यतो पिऊ देऊ नये.
• ॲरिझोनाच्या धुळीतून व्हॅली फीव्हर हा बुरशीचा आजार होतो. तो माणसालाही होतो आणि कुत्र्यालाही.
• त्याची लक्षणे टीबीसारखी असू शकतात. परतल्यावर ताप-खोकला राहिला, तर आपण ॲरिझोनाला जाऊन आलो हे डॉक्टरांना स्वतःहून सांगा.

वाळवंटातला ओढा कसा असतो?

फीनिक्सच्या उत्तरेला केव्ह क्रीक नावाचे गाव आहे आणि त्याच नावाचा ओढा आहे. त्याच्या काठाने स्पर क्रॉस रँच हे राखीव क्षेत्र पसरले आहे. काठाला कॉटनवुड आणि विलोची झाडे, आणि शंभर पावले वर चढले की लगेच उंच सग्वारो निवडुंग. ओढा सगळीकडे वाहत नाही. काही ठिकाणी पाणी असते, पुढे ते वाळूत मुरते आणि कोरडे पात्र उरते. म्हणजे ‘ओढ्याकाठी जातोय’ म्हटले तरी चालण्याचा बराच भाग उघड्या, कोरड्या, धुळीच्या वाटेवरचा असतो. पाणी आणि सावली वाटेत मिळेलच, असे धरून चालू नये.

कुत्रा नेण्याआधी नियम पाहून घ्या. टूसॉनजवळच्या सबीनो कॅन्यनमध्ये आणि अरावायपा कॅन्यनच्या राखीव रानात कुत्र्यांना बंदी आहे. जिथे परवानगी असते, तिथेही बहुधा पट्टा बांधावाच लागतो. तब्येतीच्या दृष्टीनेही पट्टा महत्त्वाचा आहे. तो का, हे पुढे येईल.

घाम दिसत नाही, पण येतो

मुंबई-कोकणातला माणूस उकाडा घामावरून ओळखतो. सदरा भिजला की आपण पाणी मागतो. वाळवंटातल्या कोरड्या हवेत घाम त्वचेवर येता येताच उडून जातो. कपडे कोरडेच राहतात, ‘फार गरम नाहीये’ असे वाटत राहते, आणि शरीरातले पाणी मात्र कमी होत असते.

फीनिक्समध्ये ऑक्टोबरचे सरासरी कमाल तापमान ३२ अंश सेल्सियसच्या आसपास आणि नोव्हेंबरचे २५ अंशांच्या आसपास असते. पण सरासरीवर विसंबू नका. २०२४ मध्ये ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात तिथे रोज त्या त्या दिवसाच्या कमाल तापमानाचे विक्रम मोडले. कॅलेंडरकडे नव्हे, त्या दिवसाच्या अंदाजाकडे पाहून निघा.

पाणी किती प्यावे? उन्हात चालताना ताशी साधारण अर्धा ते पाऊण लिटर, थोडे थोडे करून. तहान लागल्यावर एकदम बाटली रिकामी करू नका. आणि नुसते पाणीही पीत राहू नका. घामावाटे मीठ जात असते. ते भरून न काढता पाणीच पीत राहिल्यास रक्तातले सोडियम उतरते. मळमळ, डोकेदुखी, गोंधळल्यासारखे होणे, क्वचित झटके येणे ही त्याची लक्षणे. ग्रँड कॅन्यनमध्ये चालायला आलेल्या लोकांमध्ये डॉक्टरांनी हा प्रकार अनेकदा पाहिला आहे. उपाय सोपा आहे. सोबत चिवडा, खारे शेंगदाणे, ओआरएस किंवा लिंबू-मीठ-साखरेचे पाणी ठेवा.

सूर्य कलला की उलटा प्रश्न येतो. नोव्हेंबरात तिथे साडेपाचच्या सुमारास सूर्यास्त होतो आणि कोरडी हवा झपाट्याने थंड होते. ओढ्यात पाय आणि कपडे भिजले असतील, तर वयस्कर माणसाला हुडहुडी भरते. एक कोरडा मोज्यांचा जोड आणि स्वेटर पिशवीत असू द्या.

रोजची औषधे घेणाऱ्यांनी हे पाहावे

रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी असेल, तर शरीरातले पाणी लवकर कमी होते. मधुमेहाच्या डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्यांमुळेही लघवी वाढते. अशांना वाटेत उभे राहताच चक्कर येऊ शकते. हृदय किंवा मूत्रपिंडाच्या आजारामुळे ज्यांना पाणी मोजून प्यायला सांगितले आहे, त्यांनी वर दिलेले प्रमाण पाळू नये. निघण्याआधी आपल्या डॉक्टरांना विचारावे.

इन्सुलिन किंवा साखर कमी करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी लक्षात ठेवावे की जास्त चालण्याने साखर उतरते. ग्लुकोजच्या गोळ्या खिशात हव्यात, पिशवीच्या तळाशी नव्हे. इन्सुलिन गाडीत ठेवू नका. बंद गाडी काही मिनिटांत तापते. कुत्र्यालाही त्याच कारणाने गाडीत एकटे सोडू नये.

कुत्र्याला काय सोसते?

कुत्र्याला अंगभर घाम येत नाही. तो मुख्यतः धापा टाकून, जिभेवाटे शरीर थंड ठेवतो. शिवाय मालक चालतोय तोवर तो थांबत नाही, दमला तरी मागे येत राहतो. पगसारख्या चपट्या नाकाच्या, वयस्कर आणि लठ्ठ कुत्र्यांना धोका जास्त. फीनिक्स शहराने २०१६ पासून आपल्या डोंगरी पायवाटांवर तापमान १०० अंश फॅरनहाइट, म्हणजे सुमारे ३८ अंश सेल्सियस झाले की कुत्री नेण्यास मनाई केली आहे. ती वरची मर्यादा समजावी. त्याच्या बरेच खाली असतानाही कुत्र्याला त्रास होऊ शकतो.

वाटेवरच्या खडकावर हाताची मागची बाजू टेकवून सात सेकंद ठेवा. तुम्हाला ठेववत नसेल, तर त्याचे तळवे भाजणार.

उष्माघाताची खूण म्हणजे न थांबणारी धाप, घट्ट लाळ, गडद लाल हिरड्या, झोकांड्या जाणे, उलटी. असे दिसताच सावलीत न्या, अंगावर, पोटावर आणि पायांवर पाणी ओता आणि वारा घाला. ओला टॉवेल अंगावर गुंडाळून ठेवू नका, त्याने उष्णता आतच अडकते. आधी थंड करणे, मग पशुवैद्यकाकडे धाव, हा क्रम ठेवा.

ओढ्याचे पाणी

स्वच्छ दिसणाऱ्या ओढ्यातही जिआर्डिया हा परजीवी आणि जुलाबाचे जंतू असू शकतात. आपल्याकडे पावसाळ्यात ज्या लेप्टोची भीती असते, तो लेप्टोस्पायरोसिस ॲरिझोनातल्या कुत्र्यांमध्येही आढळतो. त्याची लस कुत्र्याला दिली आहे का, ते पशुवैद्यकांना विचारून ठेवा.

संथ, साचलेल्या पाण्यात निळे-हिरवे शेवाळ वाढते. त्यातले काही प्रकार विषारी असतात. २०२० च्या जुलैमध्ये शेजारच्या युटा राज्यात, झायन राष्ट्रीय उद्यानातल्या व्हर्जिन नदीच्या पाण्यात खेळलेले कुत्र्याचे एक पिल्लू अशाच विषामुळे दगावले. पाण्यावर हिरवा-निळा थर किंवा दगडांवर गडद रंगाचे गोळे दिसले, तर कुत्र्याला त्यात उतरू देऊ नका. कुत्र्यासाठी घरचेच पाणी आणि घडीची वाटी न्या.

साप, काटे आणि गोचीड

रॅटलस्नेक साधारण मार्च ते ऑक्टोबर जास्त हिंडतात, म्हणजे शरद ऋतूची सुरुवात त्यांच्याही हिंडण्याची असते. पट्ट्याविना कुत्रा झुडपात तोंड घालतो आणि दंश बहुधा तोंडावर किंवा पुढच्या पायावर होतो. माणसाला दंश झाला तर ९११ ला फोन करा, अंगठ्या-बांगड्या काढा, दंश झालेला भाग हलवू नका. आवळून बांधणे, कापणे, चोखणे, बर्फ लावणे यांतले काहीही करू नका. कुत्र्याला दंश झाला, तर शक्यतो उचलूनच गाडीपर्यंत आणा. वाटेत फोनला रेंज नसते, म्हणून कुठल्या वाटेने जाणार आणि केव्हा परतणार हे घरी सांगून निघा.

चोया नावाच्या निवडुंगाचे गोळे अंगाला चिकटतात. ते बोटांनी ओढू नका, कंगव्याने उडवा आणि उरलेले काटे चिमट्याने काढा. घरी आल्यावर कुत्र्याचे कान आणि बोटांच्या बेचक्या तपासून गोचिडी काढा. ॲरिझोनात कुत्र्यांवरच्या तपकिरी गोचिडीमुळे माणसाला रॉकी माउंटन स्पॉटेड फीव्हर हा गंभीर ताप येऊ शकतो. गोचीड चावल्यानंतर दोन आठवड्यांत ताप आला, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. डॉक्सिसायक्लिन वेळेवर सुरू झाले तर हा आजार आटोक्यात येतो.

व्हॅली फीव्हर म्हणजे काय?

कॉक्सिडिऑइडिस नावाची एक बुरशी अमेरिकेच्या नैऋत्येकडच्या कोरड्या मातीत राहते. ॲरिझोना आणि कॅलिफोर्नियात ती विशेष आढळते. फीनिक्स आणि टूसॉनचा परिसर हे तिचे मोठे ठाणे आहे. माती ओली असताना ती वाढते. माती सुकली की तिचे धागे तुटून सूक्ष्म बीजाणू होतात आणि धुळीबरोबर उडतात. ते श्वासातून फुप्फुसात गेले की आजार होतो.

आता शरद ऋतूचा संबंध लक्षात येईल. ॲरिझोनाचा पावसाळा जून मध्यापासून सप्टेंबरअखेरपर्यंत धरला जातो. त्यानंतर जमीन पुन्हा कोरडी पडते. तिथे या आजाराचे रुग्ण वर्षातून दोनदा वाढतात, एकदा जून-जुलैत आणि पुन्हा ऑक्टोबर-नोव्हेंबरात. पाण्याने ओली झालेली ओढ्याची माती उडत नाही, पण काठावरची वाळलेली माती उडते. त्यात कुत्रा उंदीर-खारींची बिळे उकरू लागला, की धूळ त्याच्या नाकात आणि जवळ वाकलेल्या माणसाच्याही नाकात जाते. पट्टा हवा तो यासाठीही.

एका दिवसाच्या चालण्यातून आजार होण्याची शक्यता थोडीच असते. संसर्ग झालेल्यांपैकी सुमारे ६० टक्के लोकांना तर काही जाणवतही नाही. बाकीच्यांना १ ते ३ आठवड्यांत ताप, खोकला, छातीत दुखणे, रात्री घाम येणे, सांधेदुखी आणि कमालीचा थकवा येतो. काहींच्या नडगीवर लाल, दुखऱ्या गाठी उठतात. बहुतेक जण काही आठवड्यांत ते महिन्यांत आपोआप बरे होतात. पण लक्षणे असलेल्यांपैकी ५ ते १० टक्के लोकांचा फुप्फुसाचा त्रास लांबतो किंवा गंभीर होतो. सुमारे १ टक्का रुग्णांत आजार फुप्फुसाबाहेर, म्हणजे हाडे, सांधे, त्वचा किंवा मेंदूच्या आवरणापर्यंत पोहोचतो.

मधुमेही, गरोदर स्त्रिया (विशेषतः शेवटचे तीन महिने), अवयवरोपण झालेले, एचआयव्ही असलेले आणि स्टेरॉइड किंवा प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधे घेणारे यांना गंभीर आजाराचा धोका जास्त. त्यांनी वाऱ्याच्या दिवशी ही भटकंती टाळावी. धुळीची वाट टाळता येत नसेल, तर एन-९५ मास्क लावावा. त्याने धोका कमी होतो, पूर्ण जात नाही. माणसांसाठी या आजाराची लस अजून उपलब्ध नाही.

टीबीशी गल्लत का होते?

ही गोष्ट भारतात परतणाऱ्यांसाठी सर्वात महत्त्वाची आहे. समजा, नाशिकचे ६५ वर्षांचे मधुमेही गृहस्थ डिसेंबरात परतले. तीन आठवडे खोकला, संध्याकाळी ताप, रात्री घाम, चार किलो वजन उतरलेले. एक्स-रेमध्ये फुप्फुसावर डाग. हे चित्र पाहून कोणताही भारतीय डॉक्टर आधी टीबीचा विचार करील आणि तो योग्यच आहे. जगात सर्वाधिक टीबीरुग्ण भारतात आहेत.

अडचण पुढे येते. व्हॅली फीव्हरमध्येही फुप्फुसात डाग, गाठ किंवा पोकळी दिसू शकते. तुकडा काढून तपासला तर टीबीसारखाच ‘ग्रॅन्युलोमा’ आढळू शकतो. थुंकीची तपासणी आणि सीबीनॅट निगेटिव्ह आले तरी लक्षणांवरून टीबीची औषधे, म्हणजे एकेटी, सुरू होऊ शकते. त्या औषधांचा या बुरशीवर उपयोग होत नाही. दम लागतो म्हणून स्टेरॉइड दिले गेले, तर बुरशी बळावू शकते. महिने निघून जातात.

हे टाळायला एक वाक्य पुरते: “डॉक्टर, मी ऑक्टोबर-नोव्हेंबरात ॲरिझोनात होतो, तिथे धुळीच्या वाटेने फिरलो.” भारतात ही बुरशी मातीत नाही, म्हणून सांगितल्याशिवाय ती कुणाच्या डोक्यात येणे कठीण. अमेरिकेहून परतलेल्यांमध्ये हा आजार भारतात आढळल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत.

निदान रक्तातल्या प्रतिपिंडांच्या तपासणीने होते. सुरुवातीच्या आठवड्यांत ती निगेटिव्ह येऊ शकते, मग दोन ते चार आठवड्यांनी पुन्हा करावी लागते. ही तपासणी भारतात सर्वत्र होत नाही, त्यामुळे छातीच्या किंवा संसर्गरोगाच्या तज्ज्ञांकडे जावे लागेल. थुंकी किंवा तुकडा कल्चरसाठी पाठवताना प्रयोगशाळेला या बुरशीची शंका आधी कळवणे आवश्यक आहे. काचपात्रात वाढलेली ही बुरशी प्रयोगशाळेतल्या माणसांना धोकादायक असते.

सौम्य आजारात अनेकदा फक्त देखरेख ठेवली जाते. त्रास जास्त असेल किंवा रुग्ण जोखमीच्या गटातला असेल, तर फ्लुकोनाझोल किंवा तत्सम औषध काही महिने देतात. हे औषध रक्त पातळ करणाऱ्या वॉरफरिनचा आणि मधुमेहाच्या ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्यांचा परिणाम वाढवते, तर टीबीचे रिफाम्पिसिन फ्लुकोनाझोलचा परिणाम कमी करते. म्हणून चालू औषधांची पूर्ण यादी डॉक्टरांना दाखवा. गरोदरपणात हे औषध स्वतःहून घेऊ नये.

एकेटी सुरू असेल, तर हे वाचून ती बंद करू नका. टीबी अजूनही जास्त संभवतो, आणि दोन्हींची तपासणी शेजारीशेजारी करता येते.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

कुत्र्याला व्हॅली फीव्हर झाला आहे. त्याच्यापासून आम्हाला होईल का?
खोकल्यातून होत नाही. हा आजार माणसाकडून माणसाला किंवा कुत्र्याकडून माणसाला श्वासावाटे पसरत नाही. कुत्र्याला वाहती जखम असेल, तर पट्टी रोज बदलावी आणि हात धुवावेत.

कुत्र्यात तो कसा ओळखायचा?
खोकला, ताप, सुस्ती, भूक आणि वजन कमी होणे. हाडात गेला तर लंगडणे. मार लागलेला नसताना कुत्रा लंगडू लागला, तर पशुवैद्यकांना दाखवा. उपचार बहुधा कित्येक महिने चालतात.

कुत्रा आजारी पडला, म्हणजे आम्हालाही झाला असेल का?
तसे नाही. पण तुम्ही त्याच धुळीतून चालला आहात, हे लक्षात ठेवून स्वतःच्या ताप-खोकल्याकडे पाहा.

एकदा झाला की पुन्हा होतो का?
बहुतेकांना त्यानंतर आयुष्यभर संरक्षण मिळते. मात्र पुढे प्रतिकारशक्ती कमी झाली, तर शरीरात दबून राहिलेला आजार पुन्हा डोके वर काढू शकतो. म्हणून स्टेरॉइड किंवा संधिवाताची बायोलॉजिक इंजेक्शने सुरू करण्याआधी ही जुनी माहिती डॉक्टरांना द्या.

डॉक्टरांकडे कधी जावे?

भटकंतीच्या दिवशी गोंधळल्यासारखे वाटणे, बोलणे अडखळणे, बेशुद्धी, छातीत दुखणे किंवा सर्पदंश झाला तर लगेच तातडीची मदत घ्या.

भटकंतीनंतर किंवा भारतात परतल्यावर पुढीलपैकी काही असेल तर थांबू नका: एक आठवड्याहून जास्त टिकलेला ताप-खोकला, न जाणारा थकवा, नडगीवरच्या दुखऱ्या गाठी, उतरणारे वजन, किंवा प्रतिजैविकांनी न हटलेला ‘न्यूमोनिया’. तीव्र डोकेदुखी, मान आखडणे आणि उलट्या असतील तर त्याच दिवशी रुग्णालयात जा. हा आजार मेंदूच्या आवरणात गेला तर जिवावर बेततो.

जाताना तीन गोष्टी कागदावर लिहून न्या: ॲरिझोनात कधीपासून कधीपर्यंत होता, कुठे फिरलात आणि सध्या कोणती औषधे चालू आहेत. तिथे छातीचा एक्स-रे काढला असेल, तर तोही सोबत ठेवा. जुन्या एक्स-रेशी तुलना करता आली, तर डॉक्टरांना डाग नवा आहे की जुना ते लगेच कळते.